गारगोटीचा विळा

खंडेनवमीला गोजरबाईने घरातली कुऱ्हाड, खुरपं, विळे सगळं घासून पूजेला मांडलं. मग तिला वाटलं, मालकांचे दगडी विळे तेवढे का वगळायचे? तिचा नवरा कारभारी मास्तर बदनापूरच्या शाळेत शिकवायचा आणि सुट्टीला दुधना नदीकाठच्या टेकाडावरून बोटभर लांबीची गारगोटीची पाती गोळा करायचा. "लाकडाच्या खाचेत ही दातासारखी बसवून जुन्या लोकांनी धान्य कापलंय," असं तो भेटेल त्याला सांगायचा. लोक माघारी हसायचे. गोजरबाई कधी हसली नव्हती. तिने ती पाती वाळूने, राखेने खसाखसा घासली, तेलाचा हात फिरवला आणि हळदकुंकू वाहिलं.

मास्तर आला. त्याने पूजेकडे पाहिलं आणि एक पातं उचलून उजेडात धरलं.

"गोजर, चमक नुसती धारेवर होती. धाटं कापून कापून आलेली. आता सगळ्या अंगानं चमकून राह्यली. साहेबाला काय दाखवू?"

हैदराबादहून पुराणवस्तू खात्याचा साहेब यायचा होता. रेल्वेच्या भरावासाठी ते टेकाड ठेकेदाराला दिलेलं होतं आणि दिवाळी होताच कुदळी पडणार होत्या. तिथे जुन्या शेतकऱ्यांची वस्ती होती हे पटलं, तरच साहेब काम थांबवणार होता. पटवायला मास्तराजवळ ती चमक सोडून दुसरं काही नव्हतं.

"तुमीच म्हनायचे इळे हायेत," गोजरबाई म्हणाली. "मंग इळे पुजले म्या."

आख्ख्या गावात मास्तराचं खरं मानणारं एकच माणूस, आणि घात झाला तो त्या माणसाच्याच हातून.

गोजरबाईला भडभडून आलं, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने मास्तराकडून कोरी गारगोटी फोडून घेतली, बाभळीच्या लाकडात डिंकाने बसवली आणि बांधावरचं गवत कापायला लागली. घरात लोखंडी विळा असताना ही दगडाने कापते, म्हणून जावा फिदीफिदी हसल्या. तळहाताला फोड आले. तिने चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कापायला बसली. दिवाळी सरली तेव्हा त्या धारेवर अंधूक चमक उतरली होती.

साहेब माणूस भला होता. त्याने सगळी पाती भिंगाखाली निरखली.

"गवताने दगड चमकतो, हे बाईंनी दाखवलं. पण हा दगड आजचा, आणि जुने तर घासलेले. मी काय लिहू, मास्तर?"

"टेकाडावर चला," गोजरबाई म्हणाली. परक्या पुरुषाशी ती आजवर बोलली नव्हती.

टेकाडावर ठेकेदाराचा मुकादम माणसं घेऊन उभाच होता. गोजरबाई खुरपं घेऊन मातीत बसली. खापऱ्या निघाल्या, हाडकं निघाली. ऊन डोक्यावर आलं. साहेबाने घड्याळ पाहिलं.

"माझी गाडी जाईल."

"गाडी उद्या बी हाये," ती मान वर न करता म्हणाली.

आणि खुरप्याला गारगोटी लागली. चिखलमातीने लडबडलेलं एक पातं. तिचा हात आपसूक पदराकडे गेला. भांडं असो की पोराचं तोंड, पुसल्याशिवाय तिने जन्मात काही कुणापुढे केलं नव्हतं. तिने पदर कमरेला घट्ट खोचला आणि तो मातीचा गोळा तसाच साहेबाच्या हातावर ठेवला.

"म्या हात लावत न्हाई. तुमीच धुवा."

साहेबाने फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलं पाणी ओतलं. माती वाहून गेली. पातं मळकट, निस्तेज होतं, आणि एकाच धारेवर चमकेची सरळ रेघ उमटलेली होती. साहेबाने ते उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. मग तो मुकादमाकडे वळला.

"कुदळी उचला. इथलं काम बंद."

गोजरबाईने कमरेचा पदर सोडला आणि डोळे पुसले.