सुट्टीत उघडणारी झडप

या, मित्रांनो, जरा जवळ या. अजून जवळ. माझा आवाज आता लांबवर पोचत नाही. बिजागऱ्या गंजल्या आहेत, आणि बोलायचं म्हटलं की माझ्याआधी त्याच कुरकुरतात. पण घटकाभर बसलात तर तुम्हाला एक गोष्ट सांगेन. एका मुलीने कागदावरचा एक चौकोन रिकामा ठेवला, त्याची गोष्ट.

मी एक जुनी झडप आहे. शाळेच्या उंच खिडकीत अगदी वर एक छोटं तावदान असतं ना, दोरी ओढली की उघडणारं, तीच मी. फिनलंडच्या उत्तरेला, कूसिलाहती नावाच्या गावात तावेत्ती सुताराने मला घडवलं. लाकूड पाइनचं, थंडीत सावकाश वाढलेलं, म्हणून चिवट. वर्गाला चार खिडक्या होत्या आणि त्यांत उघडणारी मी एकटीच. मला बसवताना तावेत्तीने चौकटीवर थाप मारली आणि म्हणाला, "बाई गं, बाकीच्यांनी उजेड द्यायचा. तू श्वास द्यायचा." तेव्हा मला वाटलं, केवढं सोपं काम! आता विचाराल तर सांगते, सोपं नव्हतं.

आमच्या शाळेची रीत अशी. एक तास झाला की पंधरा मिनिटांची सुट्टी, आणि सुट्टीत सगळी मुलं बाहेर. पाऊस असो, बर्फ असो, पारा उणे वीसवर असो, बाहेर म्हणजे बाहेर. आत राहायचं फक्त त्या आठवड्याच्या मानकऱ्याने. त्याने फळा पुसायचा, फडकं ओलं करायचं, दोरी ओढून मला उघडायचं. मग दाराजवळच्या तक्त्यावर तीन चौकोन असत, त्यांत तीन खुणा करायच्या.

शिळी हवा माझ्यातून बाहेर जायची. तिला खडूचा, ओल्या लोकरीचा, राय धान्याच्या काळ्या पावाचा वास असायचा. आणि बाहेरची कोरी, दात शिवशिवणारी हवा आत यायची. घंटा झाली की मुलं लाल नाकं घेऊन परतायची आणि ओरडायची.

"बाई, थंडीने दात पडतील आमचे!"

"पडू देत," सायमाबाई म्हणायच्या, "दुधाचेच आहेत."

सायमाबाई म्हणजे आमच्या शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका. त्यांची सकाळ पायपेटीवर सुरू व्हायची. आधी एक भजन आणि मग चार शब्दांचं निरूपण. मित्रांनो, त्या भजनासाठी मी जन्मभर कान लावून बसले. आवाज काही गोड नव्हता त्यांचा, पण गाताना त्या देवाशी शेजारणीसारख्या बोलायच्या. एकदा पायपेटीचा भाता दाबता दाबता थांबल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, हा भाता नुसता भरून ठेवला तर सूर निघेल का? घ्यावं लागतं आणि सोडावं लागतं. देवाने आपल्याला श्वासही असाच दिलाय, उसना. धरून ठेवायचा नाही." मी वर बसून ऐकत होते. मला वाटलं, हे माझ्याबद्दलच चाललंय.

अशी वर्षं गेली. कौतुकही झालं. दर वसंतात शाळेचे शिपाई कालेर्वो शिडी लावून चढायचे, माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायचे आणि पुटपुटायचे, "म्हातारे, अजून चालतेस हं तू." कालेर्वो म्हणजे उंच, अबोल माणूस. कमरेला सुरी आणि डोक्यावर कानटोपी. शाळा त्यांनी स्वतःच्या घरासारखी सांभाळली.

मग तेलाची महागाई आली. वर्गातली उंच शेगडी तोवर बुजवली होती आणि तळघरात तेलाचा बॉयलर आला होता. पालिका दर शरदात एक यादी पाठवू लागली, कोणत्या शाळेने किती तेल जाळलं त्याची. आमची शाळा सर्वांत वर! दुकानात शेजारच्या गावचा शिपाई चारचौघांत हसला, "काय कालेर्वो, शाळा तापवतोस की अंगण?"

कालेर्वो पिशवी उचलून बाहेर पडले. अबोल माणसाला असं बोलणं फार आत लागतं.

आमच्याकडे दर हिवाळ्याआधी खिडक्यांच्या फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. कालेर्वो ते काम देखणं करायचे, पट्टी सरळ, सुरकुती एक नाही. मला मात्र ते दरवर्षी मोकळी सोडायचे. त्या ऑक्टोबरात शिडीवर ते माझ्यासमोर बराच वेळ थांबले. मग ब्रश खळीत बुडवला आणि माझ्या चारही कडा बंद केल्या. दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली.

मुलांनी विचारलं, "काका, आता ही उघडायची नाही?"

"हिवाळाभर नाही. आणि बाईंना सांगायला जाऊ नका. त्यांचे गुडघे दुखतात वाऱ्याने."

मित्रांनो, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पण तक्त्यावरचा तिसरा चौकोन, माझा, तसाच राहिला. तो भरायचा की नाही, हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्याचा मानकरी होता राइनो, वर्गातला सर्वांत मोठा. त्याने डोकं खाजवलं, खूण केली आणि म्हणाला, "चौकोन आहे म्हणजे खूण हवी." पुढच्यांनीही तेच केलं. सायमाबाई सुट्टीत शेजारच्या खोलीत कॉफी प्यायच्या. परत आल्या की तक्ता बघायच्या. तीन खुणा दिसायच्या, मग मान डोलावून धडा सुरू. वर कशाला बघतील? खिडक्यांवर पट्ट्या तर दर हिवाळ्यात असतातच.

आणि मी बंद होते. कामाने माणूस थकतो म्हणतात. मी तर काम नसल्याने थकले. खाली हवा जड होत गेली. काचांवरून पाणी ओघळू लागलं, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. पायपेटीचे दोन स्वर ओलीने बसले, भजनात तिथे नुसतीच फूस ऐकू यायची. अकरा वाजले की मुलांच्या माना खाली. बाई रागवायच्या, "रात्री झोपता की नाही रे?" आणि बोलता बोलता त्याही कपाळ दाबायच्या. आत बसलेल्याला आतली हवा कळत नाही, मित्रांनो. रोज थोडी थोडी बिघडते आणि रोज थोडी थोडी सवय होते.

सर्वांत जास्त त्रास तुओवीला. नऊ वर्षांची मुलगी, दोन पातळ वेण्या, जन्मापासूनच छाती नाजूक. पूर्वी महिन्यात एकदा खोकायची, आता दिवसभर. दर आठवड्यात दोन दिवस घरी. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी तिची आई शाळेत आली. ओल्या बुटांनी दारातच उभी राहिली.

"बाई, तिला शहरात बहिणीकडे पाठवीन म्हणते. इथे तिचा जीव जातो खोकून."

सायमाबाईंची नजर बाकांवरून फिरली. कारण वर्गात मुलं होती बारा, आणि पालिकेने ठरवलं होतं की बाराच्या खाली गेली तर शाळेला कुलूप. तुओवी गेली तर अकरा. म्हणजे ती आपल्या घराला मुकणार, आणि बाकीची आपल्या शाळेला.

"पुढच्या सोमवारपर्यंत थांबता?" बाई हळूच म्हणाल्या. "या आठवड्यात मानकरी तीच आहे. किती दिवस वाट बघतेय."

आई थांबली.

त्याच दिवशी पहिल्या सुट्टीत तुओवीने फळा पुसला, फडकं ओलं केलं. मग माझ्याखाली येऊन उभी राहिली. खिळ्यावरून दोरी काढली आणि ओढली. मी हलले नाही. दोन्ही हातांनी ओढली. कागद जरा ताणला गेला, एवढंच. तिला खोकला आला. मग ती तक्त्याकडे गेली, पेन्सिल धरून थोडा वेळ उभी राहिली आणि पेन्सिल खाली ठेवली.

दिवसभराच्या प्रत्येक सुट्टीत हेच. मंगळवारीही तसंच. बुधवारी बाईंच्या लक्षात आलं.

"तुओवी, तिसरा चौकोन रिकामा का?"

"बाई, झडप उघडली नाही."

"विसरलीस?"

"नाही. ओढली मी. उघडत नाही ती."

मागून राइनो कुजबुजला, "अगं खूण कर ना वेडे, खूण करायचीच असते!"

"खोटी कशी करू?" तुओवी त्याच्याकडे वळली. "बाईंनी भजनानंतर सांगितलंय, देवासमोर खोटं चालत नाही म्हणून. आणि तक्ता पायपेटीच्या शेजारीच आहे."

कुणी हसलं नाही. बाईंनी सावकाश मान वर केली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तक्त्याची मागची पानं उलटली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, सगळीकडे तीन खुणा. राइनोची नजर बुटांवर.

त्या पायपेटीच्या स्टुलावर बसल्या. रागवल्या नाहीत. "मीही रोज खुणाच बघितल्या रे," एवढंच म्हणाल्या. "जा, कालेर्वोना बोलाव."

कालेर्वो कानटोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, तेल... आणि तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना घरी लोकरी पट्टे आहेत, कालेर्वो. हिच्या छातीला काय आहे?"

मित्रांनो, मी वरून त्या माणसाचा चेहरा पाहिला. त्यांनी तुओवीकडे पाहिलं, काचेवरच्या पाण्याकडे, कोपऱ्यातल्या काळ्या डागाकडे. जणू आपलंच घर परक्यासारखं बघत होते. ते "चुकलो" म्हणाले नाहीत. शिडी आणली. कमरेची सुरी काढली. आपणच इतक्या सरळ चिकटवलेल्या पट्ट्या बारा मुलांसमोर एकेक करून कापल्या. मग खांद्याने मला धक्का दिला.

मी उघडले.

थंडी अशी आत आली की भिंतीवरचे नकाशे फडफडले. तुओवी आधी खूप खोकली, इतकी की बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने एक श्वास घेतला, लांब, खालपर्यंत गेलेला. तो मी ऐकला. त्याहून गोड भजन मी ऐकलेलं नाही.

ती पुढच्या सोमवारी शहराला गेली नाही. खोकला एका दिवसात पळाला नाही, पण कालेर्वोनी बुरशी खरवडली, बॉयलरची गाळणी बदलली, आणि वसंतापर्यंत ती बर्फात सगळ्यांबरोबर धावू लागली. यादीत आमची शाळा पुन्हा सर्वांत वर आली. दुकानात पुन्हा टोमणा झाला. कालेर्वो म्हणाले, "हो, अंगणच तापवतो. मुलं तिथेच खेळतात."

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत ते दारात येऊन वर बघायचे. मानकऱ्याने मला उघडलंय ना, स्वतःच्या डोळ्यांनी. तक्त्याकडे बघायचे नाहीत. असं अकरा वर्षं.

पुढे गावात मुलंच उरली नाहीत आणि शाळेला कुलूप लागलंच. लिलावाच्या दिवशी कालेर्वोनी मला चौकटीसकट काढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि आपल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीत बसवलं. तिथे दर शनिवारी वाफेनंतर ते मला उघडायचे.

एकदा तुओवी भेटायला आली. आता तीच शिक्षिका होती, शहरातल्या मोठ्या शाळेत. दोघं पायरीवर बसली.

"काका, आमच्याकडे हवेचं मोठं मशीन आहे. शुक्रवारी संध्याकाळी बंद करतात, वीज वाचावी म्हणून, आणि सोमवारी उशिरा लावतात. सोमवारी मुलं जांभया देत बसतात. विचारलं तर म्हणतात, कागदावर सगळं ठीक आहे."

कालेर्वो किती तरी वेळ हसले. मग हसू ओसरलं. "खूण केली असेल कुणीतरी," ते म्हणाले. "तू वर बघ."

"बघतेय ना. दर सोमवारी मशीनवाल्यांच्या दारात जाऊन उभी राहते. कंटाळलेत ते मला."

आता कालेर्वोना जाऊन नऊ हिवाळे झाले. सौना थंड आहे. मला कुणी उघडत नाही. लाकूड फुगलंय, आणि मी फार थकलेय, मित्रांनो. पण तक्रार नाही. सायमाबाई म्हणायच्या तसं, श्वास उसना होता, देऊन झाला.

एकच मागते. उद्या तुमच्या वर्गात तास संपला की वर बघा. कागदावर बघू नका, खिडकीकडे बघा. बंद असेल तर उघडा, आणि जवळ जो बसतो त्याला थंडी वाजली तर त्याला आपला स्वेटर द्या. आणि ती पहिली ताजी झुळूक आत येईल ना, तेव्हा माझी आठवण नाही काढलीत तरी चालेल. तुओवीची सगळेच काढतील. तुम्ही कालेर्वोची काढा. मला बंद करणारा तोच होता. आणि सगळ्यांसमोर शिडीवर चढून आपल्याच पट्ट्या आपल्याच सुरीने कापणाराही तोच.