घाईचा अंगठा

मित्रांनो, रस्त्याच्या टोकाला, लोखंडी फाटकाच्या आत उभी असलेली जुनी निळी मोटार कधी दिसली, तर चालकाच्या बाजूचे दार जरा निरखून बघा. कडीच्या खाली बशीएवढी जागा बाकीच्या अंगापेक्षा गडद निळी आहे. नवा रंग जुन्याशी कितीही जुळवला तरी दोघे बहिणी बहिणी दिसतात, जुळ्या दिसत नाहीत. ती मोटार मीच. मला जे सांगायचे आहे ते सारे त्या बशीएवढ्या जागेतले आहे, पण रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करते.

मला कारखान्यात ठोकून, वाकवून, जोडून उभे केले आणि मग रंगाच्या खोलीत नेले. आधी राखाडी प्रायमर, त्यावर निळा रंग, त्यावर चकचकीत लॅकर. हे थर नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत. प्रायमर म्हणजे आमचा बनियन. बनियनने पाऊस अडत नाही, उलट तो पाणी पिऊन अंगाला चिकटून बसतो. वरचा सदरा हवाच.

मला ज्यांनी घेतले ते चष्मे बनवायचे. सगळा रस्ता त्यांना चष्मेवाले म्हणतो, मीही तेच म्हणते. त्यांची बायको घरीच शिवणकाम करते. मला बघायला ती गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मापात आहे." तिच्या तोंडून एवढी स्तुती निघणे म्हणजे काय, हे तिच्या गिऱ्हाइकांना विचारा. माझ्या पत्र्यावर त्या दिवशी मूठभर मांस चढले.

त्यांची लेक माझ्याच मागच्या सीटवरून घरी आली. दिवस भरायच्या आधीच जन्मली, म्हणून बाप तिला घाई म्हणू लागला आणि तेच नाव पडले. पुढे तिने त्या नावाला कधी बट्टा लागू दिला नाही. दूध निवायच्या आधी प्यायची आणि जीभ भाजून घ्यायची. मी थांबायच्या आधी दार उघडायची. "घाई, अगं थांब," हे शब्द मी स्वतःच्या हॉर्नपेक्षा जास्त वेळा ऐकले असतील. मोटार चालवायला शिकली तेव्हा तर तिने मला नाकी नऊ आणले. पहिला गिअर पडतो न पडतो तोच तिला तिसरा हवा असायचा. मी आचके देत बंद पडायचे आणि ती माझ्या डॅशबोर्डवर थोपटून म्हणायची, "सॉरी हं म्हातारे." मला ते म्हातारे म्हणणे फार आवडायचे.

वर्षे गेली. मी भिंगांच्या पेट्या वाहिल्या, कापडाचे तागे वाहिले, शेजाऱ्यांची आजारपणे वाहिली. आणि त्यातच मला गंजाची खोड लागली. चष्मेवाल्यांचा किल्ल्यांचा जुडगा मोठा. माझ्या दाराला किल्ली लावली की दुकानाच्या साऱ्या किल्ल्या खाली लोंबायच्या आणि पत्र्यावर घासायच्या. आधी लॅकर गेले, मग रंग गेला, मग पत्र्याला हवा लागली आणि तपकिरी ठिपके उठले. गंज दुखत नाही, म्हणून तर त्याला फावते. उभ्या गावाच्या डोळ्यांतले दोष ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच दारावरचे ठिपके दिसले नाहीत. दिसले ते घाईला. तेव्हा ती कॉलेजात जात होती.

"बाबा, गाडीला गंज चढतोय आणि तू लोकांना चष्मे विकतोस?"

"ठिपके आहेत गं. वय झालं की येतात अंगावर."

"वरवरचे आहेत अजून. हे बघ, असं दाबून बघायचं." तिने बापाचा अंगठा धरून माझ्या दारावर दाबला. "पत्रा आत जात नाही ना? मग घरीच होईल काम. अजून थांबलो तर भोकं पडतील."

मित्रांनो, मी जुनी मोटार. मला भंगारात काढा असे सांगणारे पुष्कळ होते. मला घरी बसून बरे करावे असे वाटणारी ती एकटीच निघाली.

सुट्टीच्या सकाळी दोघे कामाला लागले. मला धुतले, पुसले. ठिपक्यांभोवती जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने लावली. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घाईने असा काही हात चालवला की जणू मी तिचे घोडे मारले होते. चष्मेवाल्यांनी ठोकळा काढून घेतला. भिंगे घासणाऱ्याचा हात तो. सावकाश, एका लयीत, तपकिरी रंग जाऊन खालचा पत्रा चांदीसारखा उघडा पडेपर्यंत ते घासत राहिले. मग डोळे मिटून त्यांनी कडेवरून बोट फिरवले. जुना रंग कुठे संपतो ते बोटाला कळता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. आईने खिडकीतून चिंध्या दिल्या. "सुती आहेत," ती म्हणाली, "धागा सुटणार नाही." त्या थिनरमध्ये भिजवून मला पुसले आणि राखाडी प्रायमर मारला. निळा रंग दुकानदार माझ्या रंगाशी जुळवून देणार होता. तो यायला आठवडा लागणार होता.

आता प्रायमर वाळायची वाट बघायची. एवढेच काम घाईला येत नव्हते. आईने तिला आत नेले, नव्या कुर्त्याचे माप घ्यायला उभे केले आणि टाचण्या लावायला घेतल्या. तर ही टाचण्यांसकट बाहेर. एक हात हवेत धरून, दंडाला टाचणी टोचू नये म्हणून वाकडी चालत माझ्यापाशी आली.

"घाई, अगं थांब," बाप ओरडला.

"वाळला का बघते नुसतं."

आणि तिने अंगठा टेकवला. वाळला नव्हता. प्रायमरमध्ये अंगठ्याचा ठसा उठला, रेघ न् रेघ मोजता येईल असा.

"आता परत घास," चष्मेवाले म्हणाले.

"राहू दे की. वरून रंग बसेल तेव्हा जाईल. नाही गेला तर माझी सही समज." आतून आईने हाक मारली तशी ती पळाली. कुर्ता टाचण्यांसकट काढून शिवणयंत्राशेजारच्या खुंटीवर अडकवला गेला. उरलेले माप उद्या, असे ठरले.

तो उद्या आला तो ताप घेऊन. साधा वाटलेला ताप चढत गेला. मी तिला दवाखान्यात नेले. ती मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोके ठेवून होती. चष्मेवाले सिग्नललाही थांबले नाहीत. परत आलो तेव्हा आई मागेच बसली, मांडी तशीच धरून, आणि मांडीवर कोणी नव्हते. एवढ्या एका बाबतीत तरी पोरीने घाई करायची नव्हती.

निळ्या रंगाचा डबा ठरल्याप्रमाणे आला. आई म्हणाली, "रंग आलाय." चष्मेवाले म्हणाले, "राहू दे." डबा फळीवर चढला.

त्या ठशाला त्यांनी काय जपले म्हणून सांगू? माझ्यावरची वर्तमानपत्रे त्यांनी फुंकर घालत सोडवली. किल्ल्यांचा जुडगा लागू नये म्हणून ते त्या दाराने बसेनासे झाले. दुसऱ्या बाजूच्या दाराने आत शिरायचे आणि गिअरच्या दांड्यावरून पाय ओढत स्टीअरिंगपर्यंत सरकायचे. या वयात. मला धुवायला येणाऱ्या माणसाचे येणे त्यांनी बंद करून टाकले. सकाळी दुकानात जाण्याआधी भिंगे पुसायचे मऊ फडके घेऊन ठशावरची धूळ टिपायची आणि डोळ्याला भिंग लावून रेघा बघत बसायचे. त्यांनी सगळे केले, फक्त त्यावर रंग चढवला नाही. बनियनवर सदरा घातलाच नाही.

मला वाचा असती तर मी गळा काढून सांगितले असते. अहो, निळा रंग नको तर नको, नुसत्या लॅकरचा एक हात द्या. काचेसारखे पारदर्शक असते ते. ठसा दिसतही राहील आणि झाकलाही जाईल. काचेवर पोट असलेल्या माणसाला हे सुचू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

पाऊस आला, दव आले, पुन्हा पाऊस आला. प्रायमर पाणी प्यायला. घाईचा अंगठा जिथे दाबला गेला होता तिथे तो सगळ्यात पातळ होता. पाणी आधी तिथेच पोचले.

एक दिवस चष्मेवाल्यांनी डोळ्याचे भिंग काढले आणि घराकडे बघून हाक मारली. किती महिन्यांनी त्यांचा आवाज मोठा झाला होता. "अगं, इकडे ये. लवकर ये."

आई कात्री हातात घेऊनच आली.

"हे बघ. ठसा उठून दिसायला लागलाय. आधी पुसट होता ना? आता बघ, रेघा कशा ठळक झाल्यात." ते हसत होते.

राखाडी जागेवर रेघा तपकिरी झाल्या होत्या. आईने वाकून पाहिले. तिने बराच वेळ पाहिले. मग ती म्हणाली, "हो. दिसतोय खरा." आणि आत गेली. तिचे शिवणयंत्र नंतर पुष्कळ वेळ चालू झाले नाही. तिला कळले होते. मलाही कळले होते. मी बोलू शकत नव्हते आणि ती बोलू शकत असून गप्प राहिली, कारण तो माणूस हसला होता. त्या दिवशी तो पोटभर जेवला असावा, कारण संध्याकाळी माझ्यापाशी शीळ घालत आला.

पण गंज कुणाच्या हसण्याचा मान ठेवत नाही. रेघा रुंद झाल्या, एकमेकींत मिसळल्या, प्रायमरला फोड आले. आता मात्र आईच्याने राहवले नाही.

"अहो, तो गंज आहे."

"कळतंय मला काय आहे ते."

"मग रंग लावा त्याला."

"तुला पुसूनच टाकायचं आहे तिला."

इतके कडू ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. आई आत गेली आणि हातात कुर्ता घेऊन परत आली. तो कुर्ता तिने माझ्या बॉनेटवर पसरला. टाचण्या जिथल्या तिथे होत्या.

"त्या दिवशी काढून ठेवला तो असाच आहे," ती म्हणाली. "टाचणी काढली की पोरीचं माप जाईल, म्हणून हात लावला नाही मी. मला वाटलं, जपतेय. बघा काय झालंय ते."

प्रत्येक टाचणीभोवती तपकिरी डाग पडला होता. तिने खांद्याजवळची टाचणी ओढली. टाचणीबरोबर कापडाचा तुकडा हातात आला आणि तिथे भोक पडले.

"तुमचा तो ठसा पहिल्यांदा तपकिरी दिसला ना, तेव्हाच ओळखलं मी. हाच रंग घरात रोज बघत होते. पण तुम्ही हसलात. म्हणून नाही बोलले."

चष्मेवाले कुर्त्याकडे बघत राहिले. मग ते माझ्या दारापाशी आले. लेकीने शिकवले होते तसा त्यांनी अंगठा टेकवला आणि दाबला. पत्रा आत गेला नाही. पण ठशाची खपली सुटली आणि त्यांच्या अंगठ्याला चिकटून आली. त्यांनी ती तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताने डोळ्याला भिंग लावले. तेवढ्या हालचालीने खपलीचा भुगा झाला. भिंगातून बघायला काही उरले नाही.

ते माझ्या चाकाशी जमिनीवर बसले आणि रडले. आई त्यांच्या शेजारी बसली आणि तीही रडली. इतक्या महिन्यांत दोघे एकत्र रडल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले.

मग त्यांनी पॉलिश पेपर आणला. आईने पाण्याची बादली आणली, वर्तमानपत्रे लावली. चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत ते घासत राहिले. पुसायला चिंधी हवी होती. आईने कुर्त्याची एक बाही धड होती ती उसवली आणि पुढे केली. "सुती आहे," ती म्हणाली.

प्रायमर मारला. फळीवरचा डबा उतरवला, रंगावर साय धरली होती ती काढून तो ढवळला. एक हात निळा, दुसरा हात निळा, वर लॅकर. प्रत्येक हातानंतर दोघे पायरीवर बसून राहायचे, हात मांडीखाली दाबून. वाळला का, हे कोणीही बघितले नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची, मला एवढेच कळते. तुम्हाला कोणी जिवाचे असेल, काही जिवापाड जपायचे असेल, तर हात लागेल म्हणून ते उघड्यावर ठेवू नका. जपायचे म्हणजे नुसते बघत बसायचे नसते. ऊन, पाऊस, वारा कोणाच्या मायेला ओळखत नाहीत. वेळेवर झाका, वेळेवर पुसा, टाचणी वेळेवर काढून शिवण घाला. रंगाखाली गेलेला ठसा दिसत नाही, पण तो तिथे असतो. माझ्या दारात मात्र रंगाखालीही आता तो नाही.

माझे दार आज गुळगुळीत आहे. कडी नीट चालते. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी केव्हाच सोडवला, आता माझी किल्ली एकटीच असते. तरीही चष्मेवाले दुसऱ्या बाजूच्या दाराने आत येतात आणि गिअरच्या दांड्यावरून पाय ओढत सरकतात. आई फाटकाशी उभी राहून ते बघते, आणि ते नीट बसले की फाटक उघडते.