ग्रहणातल्या चार करंज्या

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आमच्या बाळानं तोंडावर हात धरला तो सोडेचना. माझ्या नवऱ्याच्या, भूषणच्या, ओठाचं लहानपणी ऑपरेशन झालेलं, म्हणून डॉक्टर ईशांना बाळाचा ओठ बघायचाच होता. "मीठा काहीतरी खाऊन, थोडं फिरून या," त्या म्हणाल्या. "पलटेल अपने आप."

सासूबाईंनी राजवाड्याजवळ जलेबी घेतली. चार भूषणला, दोन मला. गर्भार कोण, तर मी! पण आमच्याकडे पहिला घास त्याचा. तीस वर्षांच्या या घोड्याला त्या अजून पाण्याचा ग्लास हातात देतात. मी एकदा बोलून पाहिलं, तर "असू दे गं," एवढंच.

परत आलो, तर बाळानं हात काढलेला. ईशांनी पडद्यावर बोट ठेवलं. "डावीकडे ओठ जुळलेला नाहीये."

मी भूषणचा हात धरला. पण ढसाढसा रडायला लागल्या त्या सासूबाई.

"माझंच पाप! पंच्याण्णवच्या दिवाळीत ग्रहण होतं, भूषण पोटात. सगळ्यांची नजर चुकवून मी चार करंज्यांच्या कडा कापल्या. आधी याचा ओठ गेला, आता याच्या बाळाचा."

"तेव्हा कितवा महिना होता?" ईशांनी विचारलं.

"पाचवा."

"मग तुम्ही लेट झालात, काकूजी!" त्या हसल्या. "चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधे जुळतो. ओठ दुसऱ्याच महिन्यात, टाळू तिसऱ्यापर्यंत. नाही जुळलं तर फट राहते. कधी ते खानदानात असतं, कधी कारणच सापडत नाही. करंजी कापून नाही होत. टाळूचं जन्मल्यावर नीट कळेल. ओठ तर सर्जन तीन-चार महिन्यांतच शिवून देतील."

सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. डोळे पुसले, आणि लेकाकडे असं रोखून बघितलं की तो एक पाऊल मागे सरला.

"मतलब तीस वर्षं मी तुझे लाड फुकटच केले?"

"आई, पण मी कधी म्हटलं..."

"चूप! उभा काय राहिलास? तिच्या पोटावरचं जेल पूस."

भूषणनं पुसलं. जन्मात पहिल्यांदाच काहीतरी पुसत होता, त्यामुळे निम्मं माझ्या कुर्त्याला लागलं. मला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. सासूबाई मात्र खुर्चीत पाय पसरून निवांत बसल्या होत्या.

"कडेला राहिलंय बघ," त्या म्हणाल्या.