कुंडलिकच्या वाट्याचं अनवाणी

"ताई, विजेच्या पॅनलसमोर जाणाऱ्या माणसाला आधी डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, मगच आत सोडायचं. ओळखीचा आहे म्हणून सूट द्यायची नाही." आमचे सेफ्टी ऑफिसर प्रभाकर साहेब निवृत्त झाले, तरी वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात सुरक्षेचं सामान देताना त्यांचा आवाज मला रोज ऐकू येतो.

त्या दिवशी नवरात्रातली सातवी माळ होती. दिवा, पाठ, आरती आटोपून मी कामावर आले. मोठ्या पॅनलमधला एक ब्रेकर बाहेर काढायचा होता. मशीनं बंद केली तरी पॅनलच्या मागच्या पट्ट्यांत वीज असतेच; बाहेरून येणारी लाइन बंद करणं आमच्या हातात नाही. तिथे आर्क फ्लॅश झाला तर कशाला हातही लावावा लागत नाही. भडका उडतो आणि वितळलेलं तांबं अंगावर येतं. म्हणून जाड कपडे, तोंडावर हूड, हातमोजे, चामड्याचे बूट.

आमचा जुना इलेक्ट्रिशियन कुंडलिक हे सगळं चढवून आला.

"काय ताई, नवरदेव वाटतोय की नाही?"

"मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या," मी म्हटलं.

तो हसत पॅनलरूमकडे वळला. पण चालताना बुटांचा आवाज येईना. विजार फरशीला टेकत होती. मी रॅककडे पाहिलं. त्याचे बूट तिथेच होते.

"कुंडलिकभाऊ, थांबा."

त्याने हूड वर केलं. "ताई, दसरा झाला की मालनचं ऑपरेशन आहे. बायकोसाठी देवीला बोललोय, नऊ दिवस पायात काही घालणार नाही. डोंबिवलीहून तसाच येतो. आता मोडू?"

आमचे इंजिनियर सर्वेश दारातून ओरडले, "अरे, बूट घाल, नाहीतर घरी जा! मी दुसरा माणूस बघतो."

"घरी कसा जाऊ साहेब? हा ब्रेकर मध्येच अडकतो. नवीन माणसाच्या तोंडावर फुटेल."

व्रत मोडायची भीती काय असते, ते मला कुणी सांगायला नको. मी बूट उचलून त्याच्यापुढे ठेवले.

"मोडू नका. आजचं माझ्याकडे द्या. संध्याकाळी टेंभी नाक्याच्या देवीपर्यंत मी अनवाणी चालत जाते, तुमच्या नावाने."

"असं चालतं?"

"बायको नवऱ्यासाठी उपास धरते, ते चालतं ना?"

"ती बायको असते, ताई."

"मग बहिणीचं का नाही चालणार? राखी बांधून घेताना बरा हात पुढे केलात."

सर्वेशना हसू आलं. कुंडलिक खाली बसला. "आणि तुमची टाच? डॉक्टर मऊ चपलेशिवाय पाऊल टाकू नका म्हणालेत ना?"

"ते मी देवीशी बोलते."

हातमोज्यांत त्याला नाड्या बांधता येईनात, मी बांधल्या. पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि आत सोडलं. दाराबाहेर उभी राहून जप करत होते. बराच वेळ खटपट ऐकू आली, मग एक जाड खट्. कुंडलिक घामाने निथळत बाहेर आला. काही फुटलं नव्हतं.

संध्याकाळी तो गेटवर थांबला होता, परत अनवाणी.

"ताई, खोपटपर्यंत तरी रिक्षाने जा ना, पुढचं चाला. मी काही बोलणार नाही."

"तुम्ही घरी जा. मालन वाट बघत असेल."

मी चपला काढून पिशवीत ठेवल्या. रस्ता अजून तापलेला होता. पदर खोचला आणि टाच जरा उचलून धरत टेंभी नाक्याच्या दिशेने निघाले.