पहिल्या चावीला

गडमुडशिंगीत कुणाला म्हैस घ्यायची झाली की तो आधी तानाबाईला विचारायचा. मिशीवाले गडीही विचारायचे, फक्त इकडं-तिकडं बघून, हळूच. तीस वर्षांत तिनं पारखून दिलेली एकही म्हैस लाथाळ निघाली नव्हती की महिन्यात आटली नव्हती. यात गुपित असं काही नव्हतं. तीन धारा आपल्या हातानं काढल्याशिवाय दावं हातात घ्यायचं नाही, एवढाच तिचा नियम. विकणारा पक्का असतो. गिऱ्हाईक यायच्या आधीची धार तो चुकवतो, कास तट्ट फुगते आणि बघणाऱ्याला वाटतं, घरात आता दुधाचा पूर येणार. खरं काय ते दुसऱ्या-तिसऱ्या धारेला कळतं. म्हणून तानाबाई स्वतःची चरवी घेऊन सकाळ, संध्याकाळ आणि पुन्हा सकाळ व्यापाऱ्याच्या दारात हजर व्हायची. तिला लांबून बघितलं तरी व्यापारी कपाळाला हात लावायचे.

अशा या तानाबाईवर पंचावन्नाव्या वर्षी मोटार पारखायची वेळ आली.

तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे बाळासोंच्या, दोन्ही किडन्यांनी दीड वर्षापूर्वी काम सोडलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे सहाला कोल्हापुरातल्या दवाखान्यात डायलिसिस. चार तास मशीनला जोडून पडायचं आणि दुपारी घरी यायचं. जायला गावातली एक रिक्षा ठरवलेली होती. पण एका बुधवारी पहाटे तिची बॅटरी बसली. दुसरी सोय होईपर्यंत दीड तास गेला, पुढचा पेशंट ताटकळला म्हणून बाळासोंचे चार तासांचे अडीच तास झाले, आणि त्या संध्याकाळी त्यांना असा दम लागला की तानाबाई त्यांची पाठ चोळत उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी गोठ्यात शेण काढता काढता तिनं ठरवून टाकलं. आता स्वतःची गाडी. चालवायचा प्रश्न नव्हता. ट्रॅक्टर ती पूर्वीपासून चालवायची आणि तीन वर्षांपूर्वी बायका हसत असताना तिनं मोटारीचं लायसनही काढलं होतं.

"घे की," बाळासो म्हणाले. "पण जुनी बघ एखादी, स्वस्तातली. मला अशी किती दिस लागणार हाय गाडी? दोन वर्सं निघाली तरी लई झालं."

वैरण कधी संपेल ते सांगावं, तशा साध्या आवाजात ते बोलले. तानाबाईला रडू आलं असतं तर मोकळं तरी वाटलं असतं, पण तिला आला राग, आणि तो गिळून ती कामाला लागली.

मोटारीचं म्हटल्यावर पुतण्या अमरसिंह पुढं सरसावला. तो प्लॉटचे व्यवहार करायचा, त्याच्या गळ्यात बोटाएवढी चेन होती आणि त्याच्या मते गाडीचा एकच गुण बघायचा असतो.

"काकी, गाडी कशी पायजे, चौकात वळली की मानसानं हातातला च्या खाली ठेवून बघितलं पायजे."

"मला च्या सांडायला न्हाय घ्यायची," तानाबाई म्हणाली. "पाटंचं सव्वापाचला पहिल्या चावीला सुरू झाली पायजे. बास."

तरी अमरसिंह दोघांना हायवेकडच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात घेऊन गेलाच. दारातच एक काळी धिप्पाड गाडी धुऊनपुसून उभी केलेली. चाकं तानाबाईच्या कमरेला लागतील एवढी. किंमत ऐकून अमरसिंहचे डोळे चमकले, कारण नवी छोटी गाडी येते त्याहून ती कमी होती.

"बघा काकी! दारात शोभंल!"

यार्डवाला गोड माणूस होता. "आठ दिवस जागची हललेली नाही, काकी. तुमच्यासाठीच ठेवल्यागत आहे."

तानाबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली, पदर खोचला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट कढत होतं.

"आठ दिस हलली न्हाय?"

"अजिबात नाही."

"मग हिला ताप आलाय व्हय? डागदरला दाखीव की."

यार्डवाल्याचा चेहरा पडला. सकाळची गार गाडी सुरू व्हायला कुरकुरत असणार, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत त्यानं ती फिरवून तापवून ठेवली होती. तानाबाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. "धार चुकवून कास दाखवतोस व्हय रं पावण्या?" ती म्हणाली. यार्डवाल्याला अवाक्षर कळलं नाही, पण मागं खुर्चीवर बसलेले बाळासो खो खो हसले. कितीतरी दिवसांनी हसले. तेवढ्या एका हसण्यासाठी तानाबाईनं यार्डवाल्याला मनातल्या मनात माफ केलं.

मग कोपऱ्यातली एक पांढरी छोटी गाडी तिच्या डोळ्यांत भरली. सात वर्षांची होती, पण आतून नीटनेटकी. तानाबाईनं सौदा सांगितला: मंगळवार, गुरुवार, शनिवार, डायलिसिस नसलेल्या तीन सकाळी ती सहाला येणार. त्याआधी गाडीला कुणी हात लावायचा नाही. ती स्वतः बॉनेट चाचपणार, गार असेल तरच चावी मारणार, आणि तिन्ही सकाळी गाडी पहिल्या चावीला बोलली तर घेणार. यार्डवाल्याच्या उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं, पण त्यानं मान डोलावली.

मंगळवारी गाडी एका चावीत सुरू झाली. गुरुवारीही झाली. शनिवारी बाळासो तिच्या शेजारी बसले होते आणि अमरसिंह बाहेर जांभया देत उभा होता. तानाबाईनं चावी फिरवली. कर्र, कर्र, आणि चिडीचूप. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा खोकत खोकत गाडी सुरू झाली.

"गारठा आहे ना, काकी," यार्डवाला म्हणाला.

"आमच्या सोमवारी काय तू शेकोटी लावणार हाईस?"

बाळासोंनी तिच्या हातावर हात ठेवला. "आगं, दोनदा झाली की सुरू. घेऊन टाक. आपल्याला कुठं जलमभर पायजे? दोन वर्सं..."

आणि इतके दिवस गिळलेलं सगळं तानाबाईच्या तोंडून बाहेर पडलं.

"दोन वर्सं, दोन वर्सं! काय लावलंय हे? मी काय दोन वर्साच्या बोलीवर नवरा केलाय? मला पंधरा वर्सं चालणारी गाडी पायजे. आन् नुसती गाडी नगं, तिच्यात ह्या बाजूला बसायला तुमी पायजे. न्हायतर कशाला पायजे मला गाडी? ऊस आणायला?"

अमरसिंहची जांभई अर्ध्यावरच राहिली. बाळासो काचेतून समोर बघत राहिले. तानाबाईनं चावी यार्डवाल्याच्या हातात दिली, त्याच्या गाडीला तीन दिवस त्रास दिला म्हणून "राग मानू नगा" असंही म्हणाली, आणि तिघं घरी आले.

तानाबाई भांडून बसणारी बाई नव्हती. सोमवारी बाळासोंना मशीनवर झोपवलं आणि ती उद्यमनगरात गेली. तिथं गॅरेजांची रांगच आहे. ती एकेका मिस्त्रीसमोर उभी राहून एकच प्रश्न विचारायची: "दादा, कुठली गाडी तुमच्याकडं सगळ्यात कमी येती?" पहिल्या मिस्त्रीला वाटलं, बाई थट्टा करते. चांगली गाडी कुठली असं सगळे विचारतात, आणि त्यावर मिस्त्रीला आपली आवडनिवड सांगता येते. हा प्रश्न थेट त्याच्या पोटापाण्याचा होता. पण डोकं खाजवून त्यानं एक नाव सांगितलं. दुसऱ्यानंही तेच सांगितलं आणि वर म्हणाला, "साधी गाडी हाय मावशी. काय बिघडावं असं तिच्यात जास्त काय न्हाईच. आन् बिघडलं तर पार्ट कुठल्याबी दुकानात मिळतो." सहापैकी चौघांचं उत्तर एक निघालं. चारचौघांचं मत एक असेल तर ते खोटं नसतं.

नाव कळलं, आता ती गाडी जुनी झाल्यावर कशी वागते ते बघायचं होतं. बुधवारी पहाटे दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तिला नेमकी तीच गाडी दिसली. रंग विटलेला, एका दाराला पोचा. शेजारी एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ डबा काढून घेत होते.

"पावणं, गाडी किती वर्साची?"

"बारा संपतील आता. दोन लाख किलोमीटर झालेत," ते म्हणाले. "मी कुरुंदवाडचा. विजयसिंह मास्तर म्हणतात मला."

"सकाळी कुरकुरती का?"

"बाई, तेवढ्या लांबून पहाटे सहाला इथं हजर व्हायचं, तेही आठवड्यातून तीनदा. कुरकुरणारी गाडी मला परवडेल का? येताना मी चालवतो, जाताना आमची मंडळी चालवते."

बाळासो आतापर्यंत भिंतीला टेकून उभे होते. कुरुंदवाडच्या या मास्तरांना त्यांनी वॉर्डाबाहेर कितीदा तरी बघितलं होतं आणि ते कुणा पेशंटचे नातेवाईक असतील असं धरून चालले होते. माणूस ताठ चालायचा, पेपर वाचायचा, नर्सबायकांची चेष्टा करायचा. ते दोन पावलं पुढं आले.

"आठवड्यातनं तीनदा? म्हंजे तुमी कुनाला घेऊन येता?"

"मलाच," मास्तर हसले आणि शर्टाची बाही वर सरकवली. डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली जाड शीर बाळासोंच्या हातावर होती तशीच तिथं होती, फक्त कितीतरी जुनी. "पलीकडच्या वॉर्डात असतो मी. माझं डायलिसिस या गाडीपेक्षा दीड वर्षानं थोरलं आहे."

बाळासो त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी गाडीकडं बघितलं. "आत बसून बघू का जरा?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी दार उघडून दिलं. बाळासो चालवणाऱ्याच्या जागी बसले, मीटरवरचा आकडा त्यांनी बोट लावून वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. तानाबाई दार धरून बाजूला उभी राहिली. बोलायचं नसतं अशा वेळा तिला गोठ्यानं शिकवल्या होत्या.

शनिवारी ती तिघं शोरूमला गेली. तीच गाडी, नवी कोरी, सगळ्यात साधं मॉडेल. अमरसिंहनं टीव्हीसारखा मोठा पडदा आणि छताला खिडकी असलेलं मॉडेल सुचवलं, तेव्हा तानाबाईनं त्याला बाहेर उसाचा रस प्यायला पाठवलं. तिथं अस्मिता नावाची मुलगी गाड्या दाखवत होती. तिनं सगळं नीट सांगितलं, आणि शेवटी तानाबाईनं आपली अट घातली: तीन सकाळी येऊन गार इंजिनला चावी मारणार.

"अहो मावशी, नवी गाडी आहे ही!"

"नव्या म्हशीचीबी धार काढूनच घेतात, पोरी."

अस्मिता हसत सुटली, मग मॅनेजरला विचारून आली. शोरूमच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि कारागीर मंडळी तीन सकाळी चहाचे कप घेऊन बघायला जमत होती. तिन्ही सकाळी तानाबाईनं बॉनेटला हात लावला आणि चावी मारली. तिन्ही सकाळी गाडी पहिल्या चावीला बोलली. तिसऱ्या वेळी कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. तानाबाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. टाळ्या कशाला? गाडीनं गाडीचं काम केलं होतं.

मग कागद आले. तानाबाई एकेक ओळ वाचून सही करत होती. शेवटचा फॉर्म वॉरंटीचा होता.

"यात तुम्हाला निवडायचंय," अस्मिता म्हणाली. "पहिली तीन वर्षं कंपनीचीच आहेत. थोडे पैसे वाढवून भरले तर पाच होतात, नाहीतर सात. सातची महाग पडते. बरेच लोक तीनवरच थांबतात."

तानाबाईनं पेन उचललं. सात लिहायचं तिचं कधीच ठरलेलं होतं. पण तेवढ्यात बाळासोंनी खुर्ची पुढं ओढली आणि फॉर्म आपल्याकडं वळवून घेतला. चष्मा लावून त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या.

"सातच्या फुडं न्हाय का?"

"नाही काका. सातच्या पुढं कंपनी जबाबदारी घेत नाही."

"बरं," बाळासो म्हणाले. त्यांनी तानाबाईच्या हातातलं पेन घेतलं आणि सातच्या चौकटीत ठसठशीत खूण केली. "मग सात लिवा. आठव्या वर्सापास्नं फुडलं मी बघतो."

तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सहीसाठी पेन परत मागितलं.