आंबेमोहोराची जाहिरात

आमच्या रोहिणीने, म्हणजे माझ्या सुनेने, पैसे भरून फेसबुकवर आंबेमोहोराची जाहिरात सोडायची ठरवली, तेव्हा माझे थोरले बंधू कोंडाजीतात्या म्हणाले, "सोड. पर औंदा तांदूळ घरातनं खपला न्हाई, तर पुढल्या सालाला खाचरात खोल्या बांधायच्या. भाडं तरी यील."

आमच्या नांदे गावात आता भाताचं खाचर राखणं म्हणजे हट्टच. दोन्ही अंगांनी इमारती आल्यात. पण पांडुरंगाने पोरीला हट्ट दिला होता, आणि मी तिच्या बाजूला होतो.

जाहिरात मात्र तात्यांनी आपल्या चालीने करून घेतली, चौकातल्या फ्लेक्ससारखी. मधोमध फेटा बांधलेले तात्या, भोवती सगळी भावकी, आणि कुणी रुसू नये म्हणून कोपऱ्यात माणचे व्याही. तांदळाचं पोतं कुठंतरी खाली, माझ्या फोटोच्या आडोशाला.

"आन् दाखवायची सगळ्या मुळशीला," तात्यांनी बजावलं. "आपल्या मानसांस्नी आधी कळाय पायजे."

रोहिणीला थोरल्यांचा शब्द मोडवेना. तिने तसंच केलं.

फोटोखाली शुभेच्छांची रांग लागली. कुणी तर विचारलं, "तात्या, कुठल्या गटातून उभं राहताय?" तांदूळ मात्र कुणी मागेना. मागणार कोण? ज्यांना जाहिरात दिसली, त्यांच्या घरी स्वतःच्याच शेतातला तांदूळ.

"तात्या, तुमी लई दिसलात," रोहिणी म्हणाली. "तांदूळ न्हाई दिसला."

तात्यांचा चेहरा पडला. मग मी म्हटलं, "तात्या, आपुन दोगं कीर्तनाला म्होरं बसतो. मृदंग वाजवनाऱ्याचं तोंड ध्यानात ऱ्हातं का तुमच्या? मला तर त्याची बोटंच दिसत्यात."

"म्हंजी माझं तोंड नगं, असंच ना?"

"तोंड नगं," रोहिणी हसून म्हणाली. "हात द्या."

तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मोबाइल धरला. वाफ वर आली. तात्यांचा हात ताटात उतरला. चिखलात उभा जन्म गेलेला, चांदीचं कडं घातलेला तो हात तूप-भात कालवू लागला, इतका हळू की जणू नैवेद्यच. पहिला घास घेतल्यावर तात्या "व्हय" एवढंच म्हणाले, तेही तिने व्हिडिओत ठेवलं. या खेपेला मुळशीतली गावं वगळून जाहिरात पुण्याकडं, बावधनच्या सोसायट्यांत सोडली, तीही ज्यांना स्वयंपाकाची आवड आहे अशांनाच दिसेल अशी.

फोन वाजायला लागले. पाठोपाठ गाड्याही दारात आल्या.

एका दुपारी सुलक्षणा नावाच्या बाई बावधनहून आल्या. तात्या तांदूळ मापत होते. त्यांच्या मनगटातल्या कड्याकडे पाहून बाई म्हणाल्या, "अहो, व्हिडिओतला हात तुमचाच ना? माझ्या सासूबाई तो पुन्हा पुन्हा लावून बघतात."

"हात माझा," तात्या ताठ बसत म्हणाले. "डोकं आमच्या सुनेचं. बोलावू का तिला? बघून जावा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कीर्तन रंगात येतं तेव्हा येतं, तसं.

गाडी गेल्यावर तात्यांनी रिकामी पोती झटकून घडी केली आणि आत बघून विचारलं, "रोहिणी, बियाणाला भात राखलंय का न्हाई? का तेबी इकलंस?"

"राखलंय की, तात्या," ती आतून म्हणाली. "जाहिरात सोडायच्या आदीच बाजूला काढलंय."