पंख्याच्या विमानाची शेवटची फेरी

तलावावर विमानांच्या कसरती होणार म्हणून मुळशीच्या रस्त्याला सकाळपासून गाड्यांची रीघ लागली होती. सुनीतीबाई मात्र आदल्या दिवशीच लेकीला, उत्कर्षाला घेऊन तलावाकाठी राहणाऱ्या, जुन्या ओळखीच्या सारजाबाईंकडे उतरल्या होत्या. सारजाबाईंच्या गच्चीवरून सगळं पाणी दिसायचं.

विमानांचे फोटो काढण्यात सुनीतीबाईंची हयात गेली. नवरा, विश्रामराव, होते तोवर लेन्सची जड पिशवी तेच वाहायचे, आणि वाहता वाहता कुरकुरायचे. आता कुरकुरायलाही कोणी उरलं नव्हतं, आणि हात कापायला लागले होते. मायलेकींचं ठरलं होतं : आज पंख्याच्या विमानाचा एक धड फोटो आला, तर कॅमेरा आईकडे राहील. नाहीतर तो उत्कर्षाचा, आणि आईची वणवण बंद.

पंख्याचं विमान टिपायचं तर शटर सावकाश ठेवावं लागतं आणि विमानाबरोबर कमरेतून अलगद वळावं लागतं. तेव्हा कुठे पंखा फिरताना दिसतो. शटर भरभर ठेवलं की पाती गोठतात. पण कापऱ्या हातांना भरभरच सोयीचं. पहिल्या फेरीला सुनीतीबाईंनी तेच केलं.

"छान आलाय की," उत्कर्षा म्हणाली.

"बंद पडलेलं विमान आहे हे. दोरीला टांगलेलं."

सारजाबाईंना ते बघवेना. त्या पुढ्यात येऊन बसल्या.

"ठेवा ताई ते धूड माज्या खांद्यावर. हंडं वाहिल्यात म्या, ह्ये काय लई न्हाई."

बोलायचं नाही, हलायचं नाही, असं त्यांना बजावलं गेलं. बोलणं त्यांनी खरंच आवरलं. पण आकाशात विमान दिसलं की हात जोडायचे, ही त्यांच्या सासरची रीत. तुकोबा विमानातून वैकुंठाला गेले ते देहू काही इथून लांब नाही. विमान पाण्यावर आलं, सारजाबाईंनी पदर सावरून हात जोडले आणि खांदा उचलला गेला. फोटोत पंखा गरगर फिरत होता, पण विमानाचा पार फराटा झाला होता. खाली कोपऱ्यात जोडलेली बोटं.

"म्याच घात केला," सारजाबाई पुटपुटल्या.

"तुम्ही नाही हो. माझाही हात हललाच होता."

हा फोटो धरायचाच नाही, अजून एक फेरी आहे, असं उत्कर्षा समजावत राहिली. लांब डोंगराशी विमान वळत होतं. सुनीतीबाईंनी कॅमेरा उचलायला घेतला. दंड भरून आले होते. असा थकवा त्यांना विश्रामराव गेले त्या वर्षीही आला नव्हता. त्यांनी पट्टा काढला आणि लेकीच्या गळ्यात घातला.

"आई, अगं एकदा तरी—"

"आलं बघ ते. पाय रोव. कमरेतून वळ."

त्यांनी उत्कर्षाच्या कमरेवर हात ठेवला आणि विमानाच्या चालीनं तिला हळूहळू वळवत नेलं.

"आता श्वास सोड. दाब."

उत्कर्षा फोटो दाखवायला वळली, तेव्हा त्या सतरंजीवर टेकल्या होत्या.

"घरी बघू गं," त्या म्हणाल्या आणि पाय लांब केले.